कमी सिबिल स्कोअर आणि सोलापुरातले भाड्याचे घर

नोकरीसाठी गाव बदलणाऱ्या माणसावर पहिल्याच महिन्यात चार खर्च एकदम येऊन पडतात: घराचे डिपॉझिट, आगाऊ भाडे, एजंटाची दलाली आणि सामानाच्या टेम्पोचे भाडे. नव्या ठिकाणचा पहिला पगार मात्र महिना भरल्यावरच हातात येतो. ज्याचा बँकेतला व्यवहार सुरळीत आहे, तो हा मधला महिना क्रेडिट कार्डावर किंवा छोट्या वैयक्तिक कर्जावर निभावून नेतो. ज्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा आकडा, खाली गेला आहे त्याला ही सोय उरत नाही, आणि नेमका त्याच आठवड्यात एखादा घरमालक किंवा एजंट त्याच्याकडे तोच स्कोअर मागतो. मी नाशिकहून सोलापूरला आले, तेव्हा या दोन्ही गोष्टी माझ्या वाट्याला आल्या. मला घर मिळाले आणि चांगले मिळाले. परंतु घर शोधत असताना माझ्यासारखीच अडचण असलेली जी माणसे भेटली, त्यांच्यापैकी अनेकांनी स्कोअरची लाज वाटून भलत्या अटी मान्य केल्या होत्या, आणि त्यांना पुढे जो त्रास झाला तो त्या अटींमुळे झाला. म्हणून हे सगळे जरा विस्ताराने लिहीत आहे.

माझ्या सिबिलच्या अहवालावर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवर, जो डाग आहे तो जामीनकीचा. नात्यातील एकाच्या व्यवसाय-कर्जाला मी जामीन होते. २०२० च्या टाळेबंदीत त्याचा धंदा बसला, हप्ते पुढे ढकलण्याची सवलत त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर संपली आणि त्यानंतर हप्ते थकत गेले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे जामीन राहणे हा नात्याचाच भाग समजला जातो. घरात कोणी पगारदार असला, त्यातही शिक्षक किंवा सरकारी नोकर असला, की भावकीतला प्रत्येक कागद सहीसाठी त्याच्यापुढे येतो. त्या सहीबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. मात्र त्या सहीमुळे झालेली नोंद घर भाड्याने देणाऱ्या परक्या माणसाला कशी समजावून सांगायची, हे मला नव्याने शिकावे लागले.

मुळात हा स्कोअर काय सांगतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. तो ३०० ते ९०० या टप्प्यात असतो आणि आपण सरसकट 'सिबिल' म्हणत असलो तरी भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या अशी माहिती ठेवतात. कर्जाचे आणि कार्डाचे हप्ते वेळेवर गेले का, मिळालेल्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, किती वर्षांपासून कर्जव्यवहार आहे आणि अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, यांवरून तो आकडा ठरतो. सावकाराला, म्हणजे बँकेला किंवा वित्तसंस्थेला, पैसे परत मिळण्याची शक्यता किती हे कळावे एवढाच त्याचा उद्देश आहे. घरभाडे वेळेवर दिल्याची नोंद त्यात सहसा येतच नाही. दहा वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडे देणाऱ्या बाईचा स्कोअर जामीनकीमुळे सहाशेच्या खाली असू शकतो, आणि ज्याने आधीच्या घरमालकाला सहा महिने रखडवले त्याचा आठशेच्या वर असू शकतो. घरमालकाने हा आकडा विचारू नये असे माझे म्हणणे नाही. आपले घर तो परक्याच्या हाती देतो, त्यामुळे विचारण्याचा त्याला हक्क आहे. परंतु त्या आकड्यावरून भाडेकरूची पारख होत नाही, हे त्याला शांतपणे सांगण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

दुसरी गोष्ट अशी की घरमालकाला किंवा एजंटाला तुमचा अहवाल परस्पर काढता येत नाही. पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा २००५ चा कायदा आहे, आणि त्यानुसार ही माहिती बँका, वित्तसंस्था आणि ठरवून दिलेल्या मोजक्या वापरकर्त्यांपुरती मर्यादित आहे. म्हणजे तुम्ही स्वतः काढून दाखवला तरच तो अहवाल घरमालकापुढे जातो. होटगी रोडवरचे एक घर पाहायला गेले असताना एका एजंटाने माझा पॅन क्रमांक आणि जन्मतारीख मागितली आणि 'मॅडम, मोबाईलवर ओटीपी येईल तेवढा सांगा, आत्ता दोन मिनिटांत स्कोअर काढतो' असे म्हटले. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण मी नकार दिला. पॅन, जन्मतारीख आणि ओटीपी एकत्र दुसऱ्याच्या हाती गेले की त्याच माहितीवर कर्जाचे अर्जही करता येतात, आणि असा प्रत्येक अर्ज तुमच्या अहवालात चौकशी म्हणून उमटतो व स्कोअर आणखी खाली नेतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो घरी बसून काढावा, त्यातले खाते क्रमांक, पॅन आणि पत्ता झाकावा आणि दाखवायची वेळ आली तर छापील प्रत दाखवून परत घ्यावी.

अहवाल दाखवायचाच असेल तर पहिल्या पानावरचा आकडा दाखवून थांबू नये, आतली पाने उलगडावीत. प्रत्येक कर्जखात्यापुढे तुम्ही कोण आहात हे लिहिलेले असते: एकटे कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार. माझ्या थकलेल्या खात्यापुढे 'जामीनदार' असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याखाली ३६ महिन्यांपर्यंतचा तक्ता असतो आणि प्रत्येक महिन्याच्या चौकटीत हप्ता किती दिवस उशिरा गेला याचा आकडा असतो. तीन शून्ये दिसली की त्या महिन्यात काहीही थकलेले नाही. माझ्या स्वतःच्या कार्डाच्या आणि दुचाकीच्या कर्जाच्या चौकटींत सगळीकडे शून्येच आहेत. हे पान समोर ठेवले की बोलणे वेगळ्या वळणाने जाते, कारण समोरच्या माणसाला आता एका आकड्याऐवजी घडलेली हकीकत दिसते.

आता सोलापूरविषयी. माझी नोकरी चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या औषधनिर्मितीच्या कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रण विभागात आहे. ही वसाहत पुणे रस्त्यावर, शहराबाहेर आहे. त्यामुळे जवळचे म्हणून बाळे, केगाव, दमाणी नगर हे भाग आधी पाहिले. अक्कलकोट रोडच्या वसाहतीत काम असणाऱ्याला पूर्व भाग किंवा शेळगी सोयीचे पडते. जुळे सोलापूर माझ्या कारखान्यापासून अगदी दुसऱ्या टोकाला, विजापूर रोडकडे. तरीही शेवटी मी तिथेच घर घेतले, कारण कंपनीची बस तिथे येते, दवाखाने जवळ आहेत आणि माझ्यासोबत आई आहे.

या शहरात घरमालक दोन प्रकारचे भेटले, आणि कमी स्कोअर असलेल्या माणसाने हा फरक ओळखून ठेवावा. एक प्रकार म्हणजे मुले पुण्याला किंवा हैदराबादला गेलेली, फ्लॅट रिकामा, आणि व्यवहार फोनवरून मुलगा पाहतो. तो स्वतः गृहकर्जाच्या हप्त्यांत असतो, मोठ्या शहरातल्या भाड्याच्या व्यवहारांची त्याला सवय असते, म्हणून तो स्कोअर विचारतो. प्रत्यक्ष भेट होत नसल्याने त्याला आकड्याशिवाय दुसरा आधारही नसतो. दुसरा प्रकार म्हणजे खाली स्वतः राहून वरचा मजला भाड्याने देणारे: निवृत्त शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, पूर्व भागात तर टॉवेलचे चार माग चालवणारे पद्मशाली कुटुंब. त्यांना स्कोअरशी फारसे देणेघेणे नसते. गाव कोणते, नोकरी कुठे, घरात माणसे किती, सोलापुरात ओळखीचे कोण, मांसाहार करता का, असे प्रश्न ते थेट विचारतात. काही प्रश्न मला पटले नाहीत आणि ज्या घरी जात विचारली तिथून मी उठून आले. मात्र या दुसऱ्या प्रकारच्या घरात माणूस समोरासमोर बसून बोलतो, आणि आपली अडचण सांगायला तेवढी जागा मिळते.

ज्या घरात आज राहते तिथल्या काकांच्या मुलानेही पुण्याहून स्कोअर विचारायला सांगितले होते. काकांनी तसे मला सांगितले आणि पुढे म्हणाले, "मुलगा म्हणतोय नऊशेपैकी किती ते विचारा. मला ते काय कळत नाही ओ मॅडम. भाडं पाच तारखेला देणार का दहा तारखेला, तेवढं सांगा की." मी त्यांना तारीख सांगितली, आणि त्याच बैठकीत जामीनकीची सगळी हकीकतही सांगितली, अहवालाचे ते पान दाखवले. मुलाने परस्पर दुसरीकडून ऐकून नंतर नकार देण्यापेक्षा ती माझ्याकडून आधी कळलेली बरी, असा माझा विचार होता. काकूंनी मध्येच विचारले, "आणि ज्याच्यासाठी सही केली, तो आता बोलतो का तुमच्याशी?" बोलतो, असे मी म्हटले. त्या प्रश्नाचा भाड्याशी संबंध नव्हता, तरी मला वाटते निर्णय तिथेच झाला.

सांगण्याबरोबर दाखवायलाही काही असले पाहिजे, आणि ते जुने गाव सोडण्याच्या आधी गोळा करावे लागते. नंतर फोनवरून मिळवणे कठीण जाते. आधीच्या घरमालकाकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे की अमुक काळ राहिले, भाडे वेळेवर दिले, घर नीट ठेवून सोडले. आणि नव्या घरमालकाने फोन केला तर बोलायची त्यांची तयारी आहे ना, हेही विचारून ठेवावे. बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याच्या भाड्याच्या नोंदी रंगवून ठेवाव्यात. भाडे रोखीने देत असाल तर सही-तारखेच्या पावत्या जपाव्यात. नव्या कंपनीचे नियुक्तिपत्र आणि पगाराचा आकडा असलेले पत्र सोबत ठेवावे. माझ्या अनुभवात घरमालकाच्या मनावर सर्वात जास्त परिणाम जुन्या घरमालकाशी झालेल्या फोनचा होतो. कागदाची खात्री करता येत नाही, पण आवाजावरून माणसाला बरेच काही कळते.

यापुढचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. स्कोअर कमी आहे असे कळताच काही घरमालक, आणि त्यांच्यापेक्षा जास्त काही एजंट, तीन गोष्टी पुढे करतात: सहा महिन्यांचे डिपॉझिट, सही केलेले कोरे धनादेश, आणि नोंदणी न करता फक्त नोटरीपुढे केलेला करार. या तिन्ही गोष्टी एकत्र मान्य करणारी एक सहकारी मला कारखान्यातच भेटली. 'आपलाच सिबिल खराब, आपण काय बोलणार' असे ती म्हणाली, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले, कारण तिचा स्कोअर बिघडला होता तो नवऱ्याच्या दवाखान्याच्या खर्चामुळे. वर्षाने तिने घर सोडले तेव्हा डिपॉझिटातले अर्धेअधिक पैसे रंगकाम आणि दुरुस्तीच्या नावाखाली कापले गेले, आणि दाद मागायला तिच्याकडे धड कागद नव्हता.

कोऱ्या धनादेशाची गोष्ट तर कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. देणे असताना दिलेला धनादेश खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांतही रक्कम दिली नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली तो गुन्हा ठरतो, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ज्याचे पैशाचे गणित आधीच ओढाताणीचे आहे, त्याने कोऱ्या जागेत दुसऱ्याला आकडा भरायला देणे म्हणजे स्वतःवर नवे संकट ओढवून घेणे आहे. भाड्याची हमी हवी असेल तर दर महिन्याच्या ठरल्या तारखेला भाडे आपोआप पाठवण्याची स्थायी सूचना बँकेला देता येते. तसे मी सुचवले आणि ते मान्यही झाले.

कराराबाबत एक गैरसमज सोलापुरातही घट्ट बसलेला आहे की ११ महिन्यांचा करार असला तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा) करार लेखी असला पाहिजे आणि नोंदलेला असला पाहिजे. त्यात ११ महिन्यांना सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे जे म्हणणे असेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. खर्च फार नसतो: मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याजही मिळवतात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. हे सगळे आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते. नोंदणी करून देणारा माणूस यंत्र घेऊन घरी येतो.

घरमालकाला हे पटवून देताना कायद्याचा धाक घालू नये, त्याचा स्वतःचा फायदा सांगावा. त्याला खरी भीती असते ती भाडेकरू घर सोडणार नाही याची, आणि त्या भीतीवर कोणताही स्कोअर उपाय होऊ शकत नाही. उपाय आहे तो याच कायद्याच्या कलम २४ मध्ये: लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर रिकामे केले नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. हे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा नीट समजावून सांगायला लावले, आणि संध्याकाळी मुलालाही फोनवर तेच सांगितले. कमी स्कोअरच्या भाडेकरूने नोंदणीकृत कराराचा आग्रह स्वतः धरला की घरमालकाच्या मनातली अर्धी शंका तिथेच मिटते, कारण ज्याला बुडवायचे असते तो असा आग्रह धरत नाही.

डिपॉझिट किती असावे, यावर आपल्या राज्यात घरांसाठी सरसकट पाळली जाणारी मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. बोलणी करताना तिचा उल्लेख मात्र उपयोगी पडतो. मी तीन महिन्यांचे डिपॉझिट मान्य केले, पण दोन टप्प्यांत: एक भाग करारावर सही करताना आणि उरलेला दुसऱ्या पगारानंतर, आणि हे करारातच लिहून घेतले. करारात आणखी काही गोष्टी शब्दांत आल्या पाहिजेत. घर सोडल्यावर किती दिवसांत डिपॉझिट परत मिळेल, कोणत्या कारणासाठी कपात होईल, रंगकामाचा खर्च कोणाचा, सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची. प्रवेशाच्या दिवशी महावितरणच्या मीटरचे वाचन आणि भिंतींचे फोटो काढून दोघांच्याही मोबाईलवर ठेवावेत. घरपट्टीची पावती किंवा लाईट बिल पाहून घर खरोखर त्याच माणसाचे आहे ना, याची खात्री पैसे देण्याआधी करावी. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे घरमालकाचे काम असले तरी आपण आठवण करून द्यावी.

सोलापुरात याला जोडूनच पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो पैशाचाच प्रश्न आहे. शहराला उजनी धरणातून पाणी येते, पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते. त्यामुळे घराला जमिनीखाली हौद किती मोठा आहे, बोअर आहे का, एप्रिल-मेमध्ये ती आटते का आणि टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, हे भाड्याइतक्याच गांभीर्याने विचारावे. स्कोअर कमी म्हणून जी घरे आपल्यापुढे पटकन आणली जातात, त्यांत वरच्या मजल्याची, हौद नसलेली, उन्हाळ्यात स्लॅब तापणारी घरे जास्त असतात. भाडे हजार रुपयांनी कमी दिसते आणि उन्हाळ्यात टँकरमध्ये त्याहून जास्त जाते. शेजारच्या घरात जाऊन विचारले तर पाच मिनिटांत खरे कळते. सोलापूरची माणसे या बाबतीत काही लपवत नाहीत.

मग पहिल्या महिन्याचे पैसे आणायचे कुठून? नोकरी स्वीकारतानाच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी बोलावे. बदलीचा किंवा रुजू होण्याचा खर्च, पगाराची उचल आणि ती हप्त्यांनी कापून घेण्याची सोय अनेक कंपन्यांत असते. कोणी आपण होऊन सांगत नाही एवढेच. काही ठिकाणी कंपनी स्वतःच्या नावावर करार करते आणि डिपॉझिटही तीच भरते. त्या व्यवहारात तुमच्या स्कोअरचा प्रश्नच येत नाही. मी पगाराची उचल घेतली. पहिले काही आठवडे आईला नाशिकलाच ठेवून एका ताईंकडे खोली घेऊन राहिले, त्यामुळे घाईने घर घ्यावे लागले नाही, आणि बोलणी करताना माणसाला घाई नसणे फार मोलाचे असते. झटपट कर्ज देणारी मोबाईल ॲप आणि परवाना नसलेले खासगी सावकार या दोन्ही वाटांनी मात्र जाऊ नये. महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे आणि त्यानुसार परवाना लागतो. परवाना दाखवू न शकणाऱ्याकडून डिपॉझिटसाठी पैसे घेतले तर घर मिळते, पण पुढची दोन वर्षे पगार त्या माणसाच्या दारात जातो.

स्कोअर सुधारण्याचे काम घर मिळाल्यावर सावकाश करता येते. पैसे घेऊन महिनाभरात स्कोअर वाढवून देतो म्हणणारी माणसे सोलापुरातल्या सात रस्ता चौकापासून समाजमाध्यमांपर्यंत सगळीकडे आहेत. खरी असलेली नोंद पैसे देऊन कोणालाही पुसता येत नाही. नोंद चुकीची असेल तर मात्र तक्रार विनामूल्य करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माझ्या बाबतीत नोंद खरी होती. मूळ कर्जदाराने आणि मी मिळून उरलेली रक्कम पूर्ण फेडली. बँक कमी रकमेवर तडजोडीला तयार होती, पण तशी तडजोड केली की खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचा प्रत्येक सावकार त्याकडे बोट दाखवतो, म्हणून आम्ही ते टाळले. पूर्ण फेडीनंतर थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला तरी कळवणे बंधनकारक झाले, त्यामुळे खाते बंद झाल्याची नोंद पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागते. मुदत ठेवीवर मिळणारे छोटे कार्ड घेऊन त्यावर फक्त किराणा करायचा आणि बिल पूर्ण भरायचे, एवढे मी चालू ठेवले आहे.

कराराचे नूतनीकरण जवळ आले की काही गोष्टी पुन्हा बोलाव्यात. वर्षभर भाडे तारखेला गेलेले असते, तेव्हा सुरुवातीला कमी स्कोअरमुळे घातलेली एखादी जादा अट काढून टाका, असे म्हणायला आता आधार असतो. भाडेवाढ किती टक्के, हे आधीच करारात असले तर वाद होत नाही. नूतनीकरणाचा करारही नव्याने नोंदवावा लागतो. जुन्याच कागदावर तारीख वाढवून चालत नाही. आणि त्याच दिवशी काकांकडून वर्षभराच्या भाड्याच्या पावतीबरोबर दोन ओळींचे पत्रही लिहून घेणार आहे, कारण नोकरी पुन्हा कुठे नेईल हे सांगता येत नाही, आणि पुढच्या गावातला घरमालक सर्वात आधी तेच मागेल.